लोकशत्रू जॉन डिलिंजर आणि आपल्या टाळ्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, मराठेशाहीचा उत्तरकालही झाला. अशा पंक्तीत एका अमेरिकन बँक-दरोडेखोराला पाट कसा मांडला, असा प्रश्न आपल्यांपैकी पुष्कळांना पडला असेल. आपल्या चिटणीसांनाही तो पडला होता. त्यांना मी जे उत्तर दिले तेच आपणांस देतो. या दरोडेखोराला आपल्या सभागृहात मी आणलेले नाही. तो आधीच येथे येऊन गेला आहे, आणि आपण टाळ्यांनी त्याचे स्वागत केले आहे.

मागच्या महिन्यात आपल्या युवक शाखेने येथे 'पब्लिक एनिमीज' हा इंग्रजी चित्रपट दाखविला. केवळ एका लाकडी पिस्तुलाच्या जोरावर नायक तुरुंगातून निसटतो, हा प्रसंग आला तेव्हा तरुण मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. मागच्या रांगांत बसलेल्या आम्हां वडीलधाऱ्यांनीही हात आखडता घेतला नाही. मीही टाळ्या वाजविल्या. घरी परतताना माझ्या नातवाने मला विचारले, "आजोबा, तुम्ही तर बँकेत होतात. तो तुमच्या बँकेत आला असता, तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या का?" मी चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली निम्मी कॅशच्या जाळीमागे. तरीही त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न होय.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. हा चित्रपट २००९ सालचा. दिग्दर्शक मायकेल मान. ब्रायन बरो यांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथाचा त्याला आधार आहे. जॉन डिलिंजर या दरोडेखोराची भूमिका जॉनी डेप यांनी, त्याचा पाठलाग करणारे सरकारी अधिकारी मेल्विन पर्व्हिस यांची ख्रिश्चन बेल यांनी, आणि डिलिंजरची प्रेयसी बिली फ्रेशेट हिची मारियॉन कोतियार यांनी केली आहे. डिलिंजर जिवंत असतानाच, मार्च १९३४ मध्ये, त्याच्या आयुष्यावर कोणीही चित्रपट काढू नये असा हुकूम अमेरिकेच्या चित्रपटव्यवसायाचे नियामक विल हेज यांनी काढला होता. तो फार काळ टिकला नाही. १९४५ साली आणि पुन्हा १९७३ साली 'डिलिंजर' याच नावाचे दोन चित्रपट निघाले. ज्याची गोष्ट सांगू नका असे बजावावे लागते, त्याची गोष्ट लोकांना ऐकावयाची असते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आता मूळ माणसाकडे वळू. डिलिंजरचा जन्म २२ जून १९०३ रोजी इंडियानापोलिस शहरात झाला. वडील किराणा दुकानदार, कडक शिस्तीचे. आई तो अगदी लहान असतानाच वारली. पुढे वडिलांनी मूर्सव्हिल या छोट्या गावी शेती घेतली. मुलाचे तेथे मन रमेना. तो नौदलात गेला, तेथून पळाला, परत येऊन त्याने लग्न केले. सप्टेंबर १९२४ मध्ये त्याने एका साथीदाराबरोबर गावातल्याच एका वृद्ध किराणा दुकानदारावर हल्ला केला. वडिलांनी सांगितले, गुन्हा कबूल कर, न्यायाधीश दया दाखवतील. मुलाने वकील न देता गुन्हा कबूल केला, आणि न्यायाधीशांनी त्याला दहा ते वीस वर्षांची शिक्षा ठोठावली. साथीदाराने वकील दिला. तो दोन वर्षांच्या आत सुटला. डिलिंजर साडेआठ वर्षांहून अधिक काळ आत राहिला. अखेरीस त्याला सोडावे म्हणून गावकऱ्यांनी अर्ज केला. ज्याला त्याने मारहाण केली होती त्या दुकानदाराचीही त्या अर्जावर सही होती. मे १९३३ मध्ये तो सुटला. सावत्र आई मरणशय्येवर होती. तो घरी पोहोचेपर्यंत तिने डोळे मिटले होते.

येथवरची हकीकत ऐकून कोणाचेही मन हेलावेल. परंतु चित्रपट येथून सुरू होत नाही, हे लक्षात घ्या. त्याची सुरुवात मिशिगन सिटीच्या तुरुंगापासून होते. तेथे नायक स्वतः आत शिरून आपल्या सोबत्यांना सोडवितो. इतिहास असा की, २६ सप्टेंबर १९३३ रोजी त्या तुरुंगातून दहा कैदी पळाले तेव्हा डिलिंजर चार दिवसांपूर्वीच पकडला जाऊन ओहायो राज्यात अटकेत होता. त्याने आत पिस्तुले पोहोचविण्याची व्यवस्था आधीच केली होती, एवढे खरे. अशी आणखी उदाहरणे आहेत. 'प्रिटी बॉय' फ्लॉइड आणि 'बेबी फेस' नेल्सन हे दोघे दरोडेखोर चित्रपटात डिलिंजरच्या आधी मरतात. प्रत्यक्षात फ्लॉइड ऑक्टोबर १९३४ मध्ये आणि नेल्सन नोव्हेंबर १९३४ मध्ये, म्हणजे डिलिंजर गेल्यावर काही महिन्यांनी मारले गेले. नायकाला सर्वांत शेवटी मरू द्यावे हा कथेचा नियम आहे; इतिहासाला तो पाळावा लागत नाही. याबद्दल मी दिग्दर्शकाला दोष देत नाही. उलट काही बाबतींत त्यांनी केलेली मेहनत थक्क करणारी आहे. विस्कॉन्सिनच्या रानातले जे विश्रामगृह एका मोठ्या चकमकीत गोळ्यांनी चाळण झाले होते, त्याच वास्तूत त्यांनी तो प्रसंग चित्रित केला. ज्या तुरुंगातून लाकडी पिस्तुलाने सुटका झाली, त्याच तुरुंगाच्या इमारतीत ती पुन्हा घडविली.

आता काळाकडे पाहू, कारण डिलिंजरची लोकप्रियता समजावयाची तर तो काळ समजला पाहिजे. १९२९ साली शेअरबाजार कोसळला आणि अमेरिकेत महामंदी आली. १९३० ते १९३३ या चार वर्षांत तेथील सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या. ठेवींना विमा नव्हता. शेतकऱ्याने, शिंप्याने, शिक्षिकेने पै पै करून ठेवलेले पैसे एका सकाळी बँकेच्या दाराला लागलेल्या कुलपाबरोबर नाहीसे होत. दुसऱ्या बाजूने, हप्ता थकला म्हणून त्याच शेतकऱ्याचे शेत बँक जप्त करी. मार्च १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांना देशातल्या सगळ्याच बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी डिलिंजर तुरुंगाबाहेर आला. ज्या संस्थेने आपल्याला लुबाडले असे लाखो लोकांना वाटत होते, त्या संस्थेला लुबाडणारा एक देखणा, विनोदी, नीटनेटक्या सुटातला तरुण वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकू लागला. लोकांना तो आपला सूड घेणारा वाटला.

त्याची पद्धतही लोकांच्या कुतूहलाचा विषय झाली. तुरुंगात त्याला जे गुरू भेटले त्यांतल्या एकाने हर्मन लॅम नावाच्या जुन्या दरोडेखोराच्या हाताखाली काम केले होते. लॅम हा पूर्वी जर्मन सैन्यात होता असे म्हणतात. बँकेचा आधी नकाशा काढावयाचा, प्रत्येकाचे काम ठरवून द्यावयाचे, किती मिनिटांत बाहेर पडावयाचे ते घड्याळावर पक्के करावयाचे, पळण्याच्या रस्त्यांची मोटारीने आगाऊ तालीम घ्यावयाची, ही त्याची शिस्त. आम्ही बँकेत वर्षअखेरीचा ताळेबंद इतक्या शिस्तीने करीत नव्हतो, हे येथे प्रांजळपणे कबूल करतो! ऑक्टोबर १९३३ मध्ये ग्रीनकासल येथील एकाच बँकेतून या टोळीने सुमारे ७५,००० डॉलर नेले. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचे पैसे घ्यावयाचे नाहीत, फक्त बँकेचे घ्यावयाचे, ही त्याची प्रसिद्ध आख्यायिका. चित्रपटातही ती येते आणि प्रेक्षक सुखावतो.

बंधुभगिनींनो, आता मी जाळीच्या आतल्या बाजूने बोलतो. बँकेचे पैसे म्हणजे कोणाचे पैसे? तिजोरीतली नोट ही बँकेची नसते. ती काल दुपारी कोणीतरी खिडकीतून आत सरकवलेली असते. ज्या गिऱ्हाइकाला त्याची दहाची नोट परत देऊन दरोडेखोर थोर ठरतो, त्याच गिऱ्हाइकाचे पासबुकातले पाचशे तो गोणीत भरून नेत असतो. आख्यायिकेला हिशेब विचारावयाचा नसतो. पण मी कॅशियर असल्यामुळे मला तो विचारल्यावाचून राहवत नाही. डिलिंजरने एकाही जप्त शेताचे कर्ज फेडले, किंवा एकाही बुडालेल्या ठेवीदाराची भरपाई केली, असे इतिहासात दिसत नाही.

आपल्याकडे बंडखोरांवर प्रेम करण्याची परंपरा आहे, असे कोणी म्हणेल आणि राजे उमाजी नाईक यांचे नाव घेईल. ही तुलना आपण जपून केली पाहिजे. उमाजी नाईक यांनी १८३१ साली इंग्रजांच्या राज्याविरुद्ध जाहीरनामा काढला आणि १८३२ साली पुण्यात ते फासावर गेले. त्यांच्या शस्त्रामागे एक मागणी होती. डिलिंजरकडे जाहीरनामा नव्हता. चित्रपटातला डिलिंजर हे लपवीत नाही. आपल्याला सगळे हवे, आणि आताच हवे, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान आहे. एका प्रसंगी सोबती त्याला अपहरणाचा धंदा सुचवितात. तो नाकारतो. कारण? लोकांना अपहरण आवडत नाही, आणि आपल्याला लोकांतच लपून राहावयाचे आहे. माझ्या मते साऱ्या चित्रपटाची किल्ली या प्रसंगात आहे. लोकांचे प्रेम ही त्याची लपण्याची जागा आहे. आपण टाळी वाजवितो तेव्हा दार उघडून त्याला आत घेत असतो.

आता ज्या प्रसंगाला टाळ्या पडल्या त्याकडे येतो. ३ मार्च १९३४ रोजी क्राउन पॉइंट येथील तुरुंगातून डिलिंजर निसटला. लाकूड कोरून केलेल्या नकली पिस्तुलाने त्याने पहारेकऱ्यांना धाक घातला, आणि शेरीफबाईंचीच मोटार घेऊन तो शेजारच्या इलिनॉय राज्यात गेला. सारा देश हसला. परंतु या विनोदात कायद्याची एक गंमत दडलेली होती. बँक लुटणे हा तोवर केंद्र सरकारच्या कायद्याखालील गुन्हाच नव्हता. राज्याची सीमा ओलांडली की स्थानिक पोलिसांचे हात बांधले जात. मात्र चोरलेली मोटार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हा १९१९ सालापासून केंद्राचा गुन्हा होता. म्हणजे एवढ्या बँका लुटूनही जे झाले नाही, ते एका मोटारीने झाले. केंद्राचे तपास खाते आता उघडपणे त्याच्या मागे लागले. बँक-दरोडा हा केंद्रीय गुन्हा ठरविणारा कायदा त्यानंतर मे १९३४ मध्ये झाला.

आपण हसलो, परंतु तो त्या तुरुंगात का होता, हे आपण विसरलो. १५ जानेवारी १९३४ रोजी ईस्ट शिकागो येथील बँकेवर पडलेल्या दरोड्यात विल्यम ओमॅली नावाचा पोलीस शिपाई मारला गेला. त्या खुनाचा आरोप डिलिंजरवर होता. खटला उभा राहण्यापूर्वीच तो पळाला, त्यामुळे न्यायालयाला त्यावर निकाल देता आला नाही. त्याआधी, १२ ऑक्टोबर १९३३ रोजी, त्याला सोडविण्यासाठी त्याचे सोबती लायमा गावच्या तुरुंगात गेले. आम्ही तुरुंगाधिकारी आहोत, कैद्याला न्यावयाला आलो आहोत, असे त्यांनी सांगितले. शेरीफ जेस सार्बर यांनी ओळखपत्र मागितले. एवढाच त्यांचा अपराध. त्यांना तेथेच गोळी घातली गेली, आणि त्यांची पत्नी त्या वेळी तेथे होती. ओळखपत्र मागणे हे मी चौतीस वर्षे केलेले काम आहे. कोणीही नवा माणूस खिडकीशी आला की सही जुळते का, कागद बरोबर आहे का, हे पाहावयाचे. त्या कामासाठी एक माणूस मेला, हे वाचले त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही. सप्टेंबर १९३३ ते जुलै १९३४ एवढ्या अवधीत या टोळीने दहा माणसे मारली आणि सात जखमी केली, अशी तपास खात्याच्या दप्तरी नोंद आहे.

सरकारचा पक्षही निष्कलंक नव्हता, आणि चित्रपटाने हे दाखविले याबद्दल मला त्याचे कौतुक वाटते. २२ एप्रिल १९३४ च्या रात्री विस्कॉन्सिनमधल्या त्या विश्रामगृहाला तपास खात्याने वेढा घातला, आणि मोटारीत बसून निघालेल्या तीन निरपराध माणसांवर दरोडेखोर समजून गोळ्या झाडल्या. एक मेला, दोघे जखमी झाले. डिलिंजर मागच्या बाजूने निसटला, आणि त्याच रात्री नेल्सनने खात्याच्या एका अधिकाऱ्याचा जीव घेतला. लोकांच्या नजरेत नायक आणखी मोठा झाला. म्हणूनच मी म्हणतो की, दरोडेखोर मोठा होतो तो केवळ स्वतःच्या गुणांनी नव्हे. बँका निष्काळजी आणि सरकार धसमुसळे झाले की त्याची उंची आपोआप वाढते.

त्याचा शेवट सर्वश्रुत आहे. २२ जुलै १९३४, रविवार, शिकागोतली उकाड्याची रात्र. बायोग्राफ नावाच्या चित्रपटगृहात तो दोन स्त्रियांसमवेत 'मॅनहॅटन मेलोड्रामा' पाहावयाला गेला. त्यांतल्या एकीने, ॲना सेज हिने, खात्याला खबर दिली होती. ती रुमानियाहून आलेली. आपल्याला देशाबाहेर काढू नये अशी तिची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही, आणि १९३६ साली तिला परत पाठविण्यात आले. पडद्यावर क्लार्क गेबल यांनी रंगविलेला गुन्हेगार विजेच्या खुर्चीकडे ताठ मानेने चालत जातो. मायकेल मान यांनी येथे कॅमेरा डिलिंजरच्या चेहऱ्यावर ठेवला आहे. दरोडेखोर स्वतःची गोष्ट पाहतो आहे आणि ती त्याला आवडते आहे. तो आपल्यासारखाच एक प्रेक्षक झाला आहे. बाहेर आल्यावर काही पावलांवर तो गोळ्यांनी पडला. वय एकतीस वर्षे आणि एक महिना. वाटेने जाणाऱ्या दोन स्त्रियाही जखमी झाल्या. जमलेल्या गर्दीतल्या काहींनी त्याच्या रक्तात रुमाल बुडवून घेतले. आठवण म्हणून! वडिलांनी त्याला इंडियानापोलिसला पुरले आणि हौशी लोकांनी थडगे उकरू नये म्हणून वर काँक्रीट व भंगार लोखंड घालून घेतले. गुन्हा कबूल कर म्हणून सांगणाऱ्या त्या किराणा दुकानदाराला मुलासाठी करता आलेली ती शेवटची गोष्ट.

मग बुडालेल्या ठेवीदारांचे काय झाले? ते चित्रपटात नाही, कारण ते पाहण्यासारखे नाही. केवळ उपयोगी आहे. जून १९३३ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला विमा मिळाला. ईस्ट शिकागोच्या दरोड्याच्या आधी अवघे दोन आठवडे! बँक बुडाली तरी आपले पैसे बुडत नाहीत, हा दिलासा लोकांना पिस्तुलाने नव्हे, तर एका कंटाळवाण्या कागदाने दिला.

आपल्याकडेही हेच घडले. १९६० साली आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळमधली पलई सेंट्रल बँक बुडाल्या. वऱ्हाडातल्या जुन्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. त्यातून जागे होऊन १९६१ साली ठेवविम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा ५ लाख रुपये करण्यात आली. पिस्तुलाच्या धाकाने बुडालेली बँक माझ्या चौतीस वर्षांत मी एकही पाहिली नाही. बँका बुडतात त्या नीट न तपासलेल्या कर्जाच्या कागदांनी. चित्रपटातही एक प्रसंग आहे: शिकागोचे संघटित गुन्हेगार टेलिफोनवर जुगाराचा धंदा चालवितात, आणि डिलिंजरला सुनावतात की तू एका दरोड्यात जेवढे मिळवतोस तेवढे आम्ही रोज मिळवितो, तेही आवाज न करता. खरा लोकशत्रू बहुधा आवाज करीत नाही. त्याच्यावर चित्रपट निघत नाही आणि त्याला पाहून कोणी रुमालही काढत नाही.

तर नातवाला काय उत्तर द्यावयाचे? मी त्याला असे सांगितले: "बाळ, त्या रात्री मी टाळ्या वाजवल्या त्या डिलिंजरसाठी नव्हत्या. बलाढ्य तुरुंग एका लाकडाच्या तुकड्याला फसला, म्हणून होत्या. मोठ्याची फजिती झाली की लहान माणसाला आनंद होतो, आणि आपण सारी लहान माणसे आहोत. पण तो माझ्या खिडकीशी आला असता तर माझे हात टाळीसाठी मोकळे नसते. ते वर असते. आणि माझ्यामागे तुझी आजी आणि तुझे बाबा घरी वाट पाहत असते."

घरापासून इतक्या दूर राहून आपण मंडळाचा जो छोटा निधी गेली पन्नास वर्षे सांभाळला, त्याचा जमाखर्च दरवर्षी सभेपुढे मांडला, दोन रुपयांच्या फरकासाठी खजिनदारांना रात्री जागविले, त्यात नाट्य काहीच नाही. त्याच्यावर चित्रपट कोणी काढणार नाही. तरीही सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून मी आजवरच्या सर्व खजिनदारांसाठी एकदा टाळ्या वाजवाव्या अशी आपणांस विनंती करतो. आणि चित्रपट अवश्य पाहा, मुलांसमवेत पाहा, परंतु घरी जाताना त्यांना जेस सार्बर यांचीही गोष्ट सांगा, एवढे सुचवून आपली रजा घेतो.